संगणकावरील भक्तिगीत : स्वरांत श्वास कसा आणावा?

इंदिरानगर, नाशिक : ऑर्गनवादक दर सरावाला उपलब्ध असतोच असे नाही. अशा वेळी आपले गायकवृंद संगणकाचा आधार घेतात. लिलीपाँड किंवा म्यूझस्कोर या विनामूल्य प्रणालींत गीताची पाश्चात्त्य स्वरलिपी भरली की छापण्याजोगे पान तयार होते आणि संगणक ते वाजवूनही दाखवतो. इंदिरानगरातील एका घरी असा सराव आम्ही ऐकला. स्वर अचूक, ताल अचूक. परंतु काही आठवड्यांत गायकही यंत्राप्रमाणे प्रत्येक अक्षर ठोकून गाऊ लागले होते. दोष त्यांचा नव्हता. कानावर पडले तेच त्यांनी उचलले.

असे का होते? स्वरलिपी स्वराची उंची व लांबी सांगते. श्वास कोठे घ्यावा, कोणत्या शब्दावर भर द्यावा, हे गायक आपल्या समजुतीने ठरवतो. संगणकाला ती समजूत नसते. १९८३ पासून रूढ असलेल्या मिडी पद्धतीत प्रत्येक स्वराच्या आघाताला १ ते १२७ पर्यंतचा अंक असतो. पानावर सौम्य-तीव्रतेची चिन्हे नसतील, तर सर्व स्वर जवळपास एकाच जोराने वाजतात.

म्हणून प्रथम शब्द मोठ्याने वाचावेत. ‘प्रभू, दया कर’ ही याचना घ्या. आपला भर ‘दया’वर येतो. तेव्हा ‘प्रभू’ला ७० आघात दिला, तर ‘दया’ला ८५ आणि ‘कर’ला ६० द्यावा. ‘प्रभू’नंतरच्या स्वल्पविरामापाशी स्वराची लांबी किंचित कमी करावी, तेवढ्या फटीत श्वास बसतो. ओळ संपताना गती मिनिटाला ७२ मात्रांवरून ६६ वर उतरवावी व पुढील ओळीला पूर्ववत करावी. लिलीपाँडसोबत ‘आर्टिक्युलेट’ नावाची जोडफाईल येते. कमानीखाली नसलेले स्वर ती थोडे आखूड करते आणि ‘गती मंदावा’ ही सूचनाही वाजवण्यात उतरवते. छापील पान बदलू नये म्हणून ती केवळ वाजवण्याच्या भागाला लावावी.

काही जण आघातांत यदृच्छेने कमी-जास्त करतात. त्याने यंत्र माणसासारखे वाटण्याऐवजी बेसावध वाटते. मराठी गीतांतील मींडही पिच-बेंडने साधता येते, पण त्यासाठी रात्री जागवू नयेत. ती जाणकाराच्या गळ्यातूनच ऐकावी.

पवित्र संगीताविषयी ३ सप्टेंबर १९५८ रोजी रोमहून निघालेल्या सूचनापत्राने उपासनाविधीत स्वयंचलित वाद्ये व ग्रामोफोन यांना मनाई केली होती. विधीबाहेर भाविकांना गीते शिकवण्यासाठी मात्र मुभा दिली होती. आमच्या मते संगणकाचीही जागा तीच, सरावाची. चाल बसली की साथ बंद करावी, केवळ पहिला स्वर ऐकवावा आणि गायकांना गाऊ द्यावे.