घराभोवतीच्या मधमाश्या : ओळख व बंदोबस्त

घराच्या वळचणीला, गोठ्याच्या भिंतीत किंवा आवारातील झाडावर माश्यांची ये-जा दिसू लागली की पलिता पेटवावयाचा, अथवा पिकावर मारावयाचे विषारी औषध पंपाने त्यांच्यावर उडवावयाचे, अशी रीत आपल्या पुष्कळ गावांत आहे. या घाईत दुहेरी नुकसान होते. ज्यांचा उपद्रव नाममात्र आहे आणि ज्यांच्यावाचून भोपळा, काकडी, कांद्याचे बी यांचे पीक नीट धरत नाही, त्या माश्या मारल्या जातात. आणि ज्यांना मुळीच डिवचू नये, त्या डिवचल्या जाऊन माणसांच्या व जनावरांच्या जिवावर बेतते. म्हणून बंदोबस्ताचा विचार करण्यापूर्वी माशी कोणती, हे ठरविणे अवश्य आहे. त्यासाठी माशी हाती धरण्याचे कारण नाही. पोळे कोठे व कसे आहे, एवढे दुरून पाहिले तरी पुरते.

आग्या माशी

उंच झाडाची आडवी फांदी, पाण्याची टाकी, इमारतीचा सज्जा किंवा डोंगराचा कडा अशा उघड्या जागी एकच मोठे, अर्धवर्तुळाकार पोळे लोंबत असेल, तर ते आग्या मोहोळ समजावे. अजिंठ्याच्या लेण्यांजवळील कड्यांवर अशी मोहोळे अनेकांनी पाहिली असतील. पोळे कधीकधी मीटरभर रुंद असते व त्यावर माश्यांचा जणू पडदाच पसरलेला असतो. शत्रू जवळ आला की या पडद्यावर पाण्यावरील तरंगाप्रमाणे लाटा उठतात. अशा लाटा दिसू लागल्यास निमूटपणे मागे फिरावे.

घराभोवतीच्या मधमाश्यांत खरा धोका या एकाच माशीचा आहे. डंख करताना माशीची नांगी विषाच्या पिशवीसह कातडीत राहते व त्या जागेतून एक वास सुटतो. त्या वासावर इतर माश्या धावून येतात, म्हणून एका डंखाचे शंभर व्हावयास वेळ लागत नाही. दगड मारणे, मोहोळाखाली शेकोटी किंवा चूल पेटविणे, फटाके उडविणे ही हल्ल्याची नेहमीची कारणे होत. मोहोळावर घारीने झडप घातली तरी खालून जाणाऱ्यावर संकट येते. लग्नाचा मांडव, यात्रेचा स्वयंपाक किंवा अंत्यविधी यांसाठी जागा ठरविताना वर मान करून एकदा झाडे पाहावीत, ही सूचना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी आवर्जून द्यावी.

आग्या माशी ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते. काही महिन्यांनी मोहोळ आपोआप उठून जाते, तोवर त्याखालील वाट बंद करणे हाच बहुतेक ठिकाणी उत्तम उपाय आहे. शाळा किंवा दवाखान्यावरील मोहोळ हलविणे भागच असेल, तर ते या कामात मुरलेल्या माणसाकडूनच, माणसांची वर्दळ नसताना हलवावे. हौशी मंडळींनी शिडी लावू नये.

हल्ला झालाच तर डोके व तोंड कापडाने झाकून पळावे आणि बंद खोलीत शिरावे. हातवारे करू नयेत; पाण्यात उडी घेऊ नये, कारण माश्या वर घिरट्या घालीत राहतात. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही, हे पुष्कळदा विसरले जाते. मोहोळाच्या झाडाखाली बैल बांधू नयेत. औत चालू असताना माश्या उठल्या व जवळ जाणे शक्य असले, तर जू सोडून द्यावे.

अंगात रुतलेली नांगी नखाने खरवडून ताबडतोब काढावी. ती कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली याला महत्त्व आहे. लोखंड घासणे, चुना लावणे यांत वेळ दवडू नये. श्वास लागणे, ओठ किंवा जीभ सुजणे, सर्वांगावर गांधी उठणे, घेरी येणे यांपैकी काहीही दिसल्यास, डंख एकच असला तरी, रोग्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. डंख पुष्कळ असतील तर रोगी बरा दिसत असूनही न्यावे. मूत्रपिंडावरील परिणाम मागाहून दिसतो.

सातेरी माशी

भिंतीतील पोकळी, झाडाची ढोली, वारूळ अशा अंधाऱ्या जागी एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधणारी ही माशी आहे. बाहेरून पोळे दिसत नाही. एका भोकातून माश्यांची सारखी ये-जा मात्र दिसते. (दक्षिण कोकणात व गोमंतकात सातेरी देवीची पूजाही वारुळाच्याच रूपाने होते, हा नामसाम्याचा योग मौजेचा आहे.) माशी स्वभावाने गरीब आहे. भोक डोक्याहून उंच असल्यास तिला राहू द्यावे.

काढावयाचीच असेल तर विष कदापि घालू नये. माश्या मेल्या तरी पोळी भिंतीत राहतात. मध पाझरतो, मुंग्या लागतात, दुर्गंधी सुटते, आणि दुसऱ्या वसाहतींच्या माश्या तो विषारी मध लुटून नेऊन मरतात. अनुभवी मधपाळ भिंत उघडून पिलाव्याची पोळी चौकटींना केळीच्या सोपटाने बांधतो व राणीसह वसाहत पेटीत घेतो. नंतर आतील मेण खरवडून पोकळी बुजवावी, नाहीतर पुढील वर्षी दुसरी वसाहत तेथेच येते. या कामी महाबळेश्वर येथील मध संचालनालयाकडे किंवा पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे विचारणा करता येईल. महाबळेश्वरजवळील मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले, ते अशाच माश्या पाळण्याच्या जोरावर.

कधीकधी फांदीवर माश्यांचा नुसता झुबका बसलेला दिसतो, पोळे नसते. हा नवे घर शोधणारा थवा होय. तो बहुधा एकदोन दिवसांत निघून जातो. मधपाळ जवळ असेल तर त्याला आधी कळवावे. त्याला ही आयती वसाहत मिळते.

इतर माश्या

कुंपणाच्या झुडपात काटकीभोवती तळहाताएवढे एकच पोळे असेल तर ती फुलोरी. भिंतीच्या फटीतून राळ व मेणाची छोटी नळी बाहेर आली असेल, तर त्या पोया नावाच्या, नांगी चालत नसलेल्या बारीक माश्या. दोहोंनाही हात लावू नये.

कागदासारखे, मध नसलेले घर छपराखाली बांधणारी गांधीलमाशी ही मधमाशी नव्हे. तिची कंबर बारीक व अंग गुळगुळीत असते आणि ती पुनःपुन्हा डंख करू शकते. ती अळ्या पकडून आपल्या पिलांना घालते, म्हणून परसात असल्यास राहू द्यावी. दाराच्या चौकटीवर असल्यास घर लहान असतानाच काढावे.

वाशांना व बांबूंना गोल भोके पाडणारा काळा भुंगा लाकूड खात नाही, केवळ पिलांसाठी घर कोरतो. शेवगा, तूर व भोपळवर्गीय पिकांच्या परागीकरणास तो उपयोगी आहे. वाशांना तेल किंवा रंग द्यावा, रिकामी झालेली भोके खुंटी मारून बंद करावी, आणि परसाच्या कोपऱ्यात वाळक्या बांबूंची मोळी टांगून ठेवावी. भुंगे छपराऐवजी तिकडे वळण्याचा संभव असतो.