पुड्यावरचं 'लिमिटेड'

दोस्तांनो, बिस्किटाच्या पुड्यावर कंपनीच्या नावापुढे 'लिमिटेड' छापलेलं पाहिलंय ना? ते कशासाठी बरं?

लंडनमध्ये सॉलोमन नावाचे बूट बनवणारे व्यापारी होते. १८९२ साली त्यांनी धंद्याची कंपनी केली. भागधारक सात : ते स्वतः, पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे! पुढं कंपनी बुडाली. तिची देणी सॉलोमननी स्वतः फेडावीत, अशी मागणी झाली. भांडण वरिष्ठ न्यायालयापर्यंत पोचलं. १८९६ मध्ये निकाल लागला : कायद्याच्या दृष्टीनं कंपनी ही वेगळी व्यक्ती; तिचं कर्ज तिचंच!

आपल्याकडेही हेच तत्त्व आहे. कंपनी बुडाली, तर भागधारकाचं नुकसान शेअरच्या रकमेपुरतं, घरदार वाचतं. म्हणून लोक नव्या धंद्यात पैसे घालायला धजतात. पण कंपनीला उधार देणाऱ्याचं काय? त्यानं आधीच सावध व्हावं, म्हणून तर नावात 'लिमिटेड' हवंच!