पैसे निघाले, पण पोचले नाहीत

शेजारी गेलेली वाटी आणि उसने दिलेले पैसे परत कधी येतील याचा नेम नाही, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. वाटीचं एक बरं असतं. चार दिवस वाट बघून आपणच जाऊन म्हणू शकतो, ‘‘अगं, आमची ती काठाची वाटी राहिलीय का बघ गं तुझ्याकडे.’’ पण जे पैसे कुणाच्या हातात दिलेच नाहीत, फोनमधून गेले आणि फोनमधूनच यायचेत, ते मागायला कुणाच्या दारात उभं राहायचं?

तर झालं असं. आमचे चिरंजीव अकरावीत. गेल्या दिवाळीत त्याने आणि त्याच्या मित्राने मिळून आकाशकंदील केले. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, खळ... आमचा ओटा महिनाभर कागदाच्या झिरमिळ्यांनी भरलेला होता. फलटणसारख्या गावात हाताने केलेले कंदील कोण घेणार, असं मला वाटत होतं, पण घेतले लोकांनी. खर्च वजा जाता याच्या वाट्याला २,४०० रुपये आले. त्यातले बरेचसे माझ्या फोनवरच जमा झाले होते. म्हणून ‘‘आई, तुझ्याकडेच राहू देत,’’ म्हणाला. दिवाळी झाल्यावर त्याने त्या पैशांतून संगणकावरचा एक गेम घेतला. २,१९९ रुपयांचा! माझ्या कपाळावरच्या आठ्या त्याला दिसल्या असणार. पण पैसे त्याचे होते, कष्टाचे होते. आपण कपाटात साड्यांची चळत असताना आणखी एक साडी घेतो, तेव्हा कोण विचारतं?

आता, हल्लीच्या गेमची डबी येत नाही की तबकडी येत नाही. पैसे भरले की तो इंटरनेटवरून संगणकात उतरतो. हा उतरला, पण चालेना. सुरू झाला की पाच मिनिटांत पडदा काळा. यांच्या भाच्याने पुण्याहून दिलेला संगणक जुना असला, तरी त्या गेमला जे जे लागतं म्हणून लिहिलं होतं ते सगळं त्यात होतं. मुलाने आधी ताडून पाहिलं होतं. पाऊण तास खटपट करून त्याने त्याच रात्री पैसे परत मागितले. तिसऱ्या दिवशी ईमेल आला, ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे. ५ ते ७ कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा होईल.’

परत कसे हवेत, हेही दुकानाने विचारलं होतं. त्यांच्याच पाकिटात हवेत की मूळ खात्यात? पाकिटात म्हणजे लगेच, पण मग ते पैसे त्यांच्याच दुकानात खर्चायचे. खात्यात म्हणजे थांबायचं. मुलाने खातं निवडलं. मला त्याचं कौतुक वाटलं.

मग सुरू झालं वाट बघणं. माझं आजोळ साताऱ्याकडचं. आजोबा मुंबईला गिरणीत. दर महिन्याच्या मनीऑर्डरकडे आजी कशी डोळे लावून बसायची, ते मी लहानपणी पाहिलंय. पण तिच्याकडे पोस्टमन तरी होता! ‘‘आली का रं?’’ विचारलं की ‘‘नाही मावशी, उद्या बघू,’’ म्हणणारा जिताजागता माणूस. माझ्या फोनवर दिवसभर मेसेज यायचे ते कर्जाचे, मोफत तपासणीचे, नाहीतर ‘तुमचा रिचार्ज संपत आहे’ असे. शाळेतून आल्या आल्या मुलगा विचारायचा, ‘‘आई, मेसेज?’’ दहाव्या दिवशी त्याने विचारणं सोडलं. विचारायचा तेव्हा वैताग यायचा, आणि विचारेनासा झाला तेव्हा जास्त वाईट वाटलं.

हे म्हणाले, ‘‘गेले समज.’’ जाऊबाई म्हणाल्या, ‘‘बरंच झालं की! गेमचा नाद तरी सुटेल.’’ मला हे पटत नाही. वस्तू आपल्याला आवडत नाही म्हणून तिचे बुडालेले पैसे बुडू द्यायचे का? उद्या मिक्सर बिघडका निघाला, तर ‘बरं झालं, पाट्यावर वाटा आता’ असं कुणी म्हटलं तर चालेल आपल्याला? आणि हा काही पैसे लावून खेळायचा प्रकार नव्हता. तसल्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून बंदी घातली, ते योग्यच झालं. हा एकदा विकत घेऊन घरी खेळायचा साधा खेळ.

एका रात्री वाटलं, आपल्याच खात्यातून २,१९९ रुपये काढावेत आणि ‘आले बघ तुझे पैसे’ म्हणून हातावर ठेवावेत. किराण्यात थोडी काटकसर केली असती की भागलं असतं. आया असं करतातच. पण मग मनात आलं, या मुलाला वाटेल की मंजुरीचं पत्र आलं की पैसे आपोआप येतात. आणि ज्यांनी ते अडकवून ठेवलेत त्यांना कुणी विचारणारच नाही. नाहीच दिले मी.

त्याऐवजी दोघं मिळून माहिती काढायला बसलो, आणि बाई गं, केवढं महाभारत निघालं! व्हॉल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीचं ‘स्टीम’ हे संगणकी गेमचं फार मोठं दुकान. तिथे पूर्वी एकदा घेतलेला गेम सहसा परत करता यायचा नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये त्यांना कोर्टात खेचलं. आमच्या देशात माल सदोष निघाला तर पैसे परत मिळण्याचा हक्क आहे, तुमचा नियम आमच्या कायद्यापेक्षा मोठा नाही, असं त्यांचं म्हणणं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये कोर्टाने कंपनीला ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड ठोठावला. तोवर, २०१५ च्या जूनमध्ये, कंपनीने जगभरासाठी नियम केला होता : घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल, तर पैसे परत. सगळी दुकानं इतकी उदार नाहीत. काही ठिकाणी गेम उतरवायला सुरुवात केली की हक्क संपला. म्हणून घेण्याआधी ती बारीक अक्षरं वाचायचीच.

वाट पाहणारे आपण एकटे नाही, हेही कळलं. ‘सायबरपंक २०७७’ नावाचा गाजावाजा झालेला गेम २०२० च्या डिसेंबरमध्ये आला. जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका धड चालेना की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. ‘फोर्टनाइट’चं प्रकरण तर आपण आयांनी ऐकण्यासारखं आहे. बटणांची मांडणी अशी फसवी, की मुलांकडून नको ती खरेदी व्हायची, असा तिथल्या सरकारी व्यापार आयोगाचा आरोप होता. २०२२ च्या डिसेंबरमध्ये तो गेम करणाऱ्या एपिक कंपनीने ग्राहकांच्या परतफेडीसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. आणि त्यातले पहिले पैसे लोकांच्या हाती कधी पडायला लागले? २०२४ च्या डिसेंबरमध्ये. दोन वर्षांनी! हे वाचून मुलगा पहिल्यांदा हसला. म्हणाला, ‘‘आई, आपले तर बाराच दिवस झालेत.’’

त्याच आठवड्यात फोन आला. ‘‘मॅडम, आपल्या गेमच्या रिफंडबद्दल बोलतोय.’’ किती गोड आवाज! मुलाने आदल्या दिवशी इंटरनेटवर सापडलेल्या एका ‘ग्राहक सेवा’ नंबरवर फोन लावला होता, त्यातून आलेलं हे पाहुणं. ‘‘एक अॅप उतरवून घ्या, मग मला तुमची स्क्रीन दिसेल, दोन मिनिटांत पैसे जमा.’’ मी म्हटलं, ‘‘भाऊ, पैसे घ्यायला माझी स्क्रीन कशाला बघायची?’’ तर म्हणाला, पिन टाकावा लागेल. तिथेच ठेवला फोन. मैत्रिणींनो, एवढं पक्कं लक्षात असू द्या. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे द्यायला. पैसे येताना पिनही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. अडकलेल्या पैशांची वाट बघणारी बाई म्हणजे या लोकांचं आवडतं गिऱ्हाईक. कारण अशा वेळी आपण उतावीळ असतो आणि ‘रिफंड’ हा शब्द ऐकला की हुरळतो. कुणी फसलंच तर लाज न धरता ताबडतोब १९३० वर फोन करायचा, कारण पैसे पुढे सरकायच्या आत अडवता आले तरच काही उपयोग.

पंधराव्या दिवशी मी बँकेत गेले. खिडकीवरच्या मुलीने खातं पाहिलं. काहीच आलेलं नव्हतं. मी ऐकून होते की पैसे अडकले तर बँक दिवसाला १०० रुपये भरपाई देते. तिने नीट समजावलं. रिझर्व्ह बँकेचा तो २०१९ चा नियम व्यवहार फसला तर लागू होतो, म्हणजे आपले पैसे कापले गेले आणि दुकानाला पोचलेच नाहीत तर. आमचे पैसे दुकानाला व्यवस्थित पोचले होते. आता ते परत येणं हा दुकानाचा मामला. मग तिने जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. दुकान आणि आपली बँक यांच्यामध्ये पैसे गोळा करणारी एक वेगळी कंपनी असते, आणि तिचीही बँक असते. दुकान ‘रिफंड केला’ म्हणतं तेव्हा कधी कधी त्याने फक्त त्या मधल्या कंपनीला निरोप धाडलेला असतो. पैसे खरोखर निघाले, की यूपीआयला १२ आकडी संदर्भ क्रमांक पडतो. कार्डाने भरले असतील तर २३ आकडी. ‘‘मावशी, तो नंबर मागा त्यांच्याकडे. नंबर असेल तर पैसे कुठे आहेत ते शोधता येतं. नसेल, तर ते अजून निघालेलेच नाहीत.’’

आम्ही मागितला. उत्तर आलं, ‘आपली रक्कम परत करण्यात आली आहे. कृपया आपल्या बँकेशी संपर्क साधावा.’ पुन्हा मागितला. पुन्हा तेच उत्तर, स्वल्पविरामसुद्धा तोच! माणूस लिहितोय की यंत्र, कळेना.

मग मुलाने त्यांच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता शोधून काढला. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्यांना असा अधिकारी नेमावाच लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. गेमसारख्या हाताला न लागणाऱ्या डिजिटल वस्तूही या नियमांत येतात. पत्र त्यानेच लिहिलं, मी फक्त ‘हरामखोरपणा’ हा शब्द काढायला लावला. तारखा, रक्कम, मंजुरीचा ईमेल, बँकेचा उतारा, सगळं जोडलं. शेवटी एकच ओळ, ‘संदर्भ क्रमांक द्यावा, अथवा रक्कम पाठवलेली नाही असे लेखी कळवावे.’ आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं, हे मुद्दाम सांगते. नाहीतर हिंदी-इंग्रजीच्या धास्तीनेच आपण फोन लावत नाही.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. तांत्रिक कारणामुळे रिफंड मधल्या कंपनीकडे अडकून राहिला होता, क्षमस्व, आता पाठवत आहोत. खाली १२ आकडे. म्हणजे तीन आठवडे ‘परत केले, परत केले’ म्हणत होते आणि पैसे जागचे हललेच नव्हते! सव्विसाव्या दिवशी, दुपारी भाजी निवडत असताना मेसेज आला. २,१९९ जमा.

मुलाने त्या पैशांचा दुसरा गेम घेतला नाही, असं लिहिलं तर तुम्हाला आवडेल, पण त्याने घेतलाच. या वेळी स्वस्तातला, ४९९ चा, आणि आधी एका मित्राच्या संगणकावर चालवून बघून. उरलेले माझ्याकडेच आहेत. पुढच्या दिवाळीच्या कामट्यांसाठी म्हणे.

आमच्या भिशीत ही गोष्ट सांगितली तर तिथे घरोघरच्या रिफंडांची पोतडीच उघडली. कुणाचे साडीचे सातशे, कुणाचे रद्द केलेल्या बस तिकिटाचे, एकीचे तर मुलीच्या क्लासचे साडेचार हजार, आठ महिने झालेले. घरात बोलणी बसतील म्हणून तिने कुणाला सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, ‘‘मंजुरीचा मेसेज आहे का तुझ्याकडे?’’ तिने पर्समधून फोन काढला आणि चष्मा लावून जुने मेसेज वर सरकवायला लागली.