कोरकू : ऑस्ट्रो-आशियाई संबंध

मध्य भारतातील एक आदिवासी जमात व तिची भाषा. कोरकूंची वस्ती मुख्यत्वे महाराष्ट्रातील अमरावती जिल्ह्याच्या धारणी व चिखलदरा या तालुक्यांत (मेळघाट) आणि मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, बुऱ्हाणपूर, होशंगाबाद (नर्मदापुरम) व छिंदवाडा या जिल्ह्यांत आढळते. ‘कोरो’ म्हणजे माणूस व ‘कू’ हा अनेकवचनी प्रत्यय, यांपासून जमातीचे नाव बनले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोरकू भाषकांची संख्या सु. ७·२७ लाख होती. ऑस्ट्रो-आशियाई भाषाकुलाची ही अगदी पश्चिमेकडील भाषा होय. याच कुलातील सर्वांत मोठी भाषा व्हिएतनामी असून कंबोडियाची ख्मेर, ब्रह्मदेशातील मोन, मेघालयातील खासी व निकोबारी या भाषाही त्यात मोडतात.

विदर्भाच्या भाषिक नकाशात कोरकूचे स्थान वेगळे आहे. यवतमाळ जिल्ह्यातील महागाव, पुसद, उमरखेड या भागांतील आंध मराठी बोलतात. तेथील बंजाऱ्यांची बोली भारतीय आर्य कुलातील आहे. त्याच जिल्ह्यातील कोलामांची कोलामी आणि गोंडांची गोंडी या द्राविडी भाषा होत. उत्तरेस सातपुड्यात गेल्यावर मात्र तिसऱ्याच कुलाची भाषा ऐकू येते. तिच्याशेजारी जळगाव जामोदच्या डोंगराळ भागात बोलली जाणारी निहाली तर कोणत्याही ज्ञात कुलात बसत नाही. तिच्यात कोरकू शब्दांचा भरणा मोठा असल्याने ती कोरकूची बोली असल्याचा समज पूर्वी होता. तथापि फ्रान्सिस कइपर यांच्या १९६२ मधील अभ्यासानंतर तिचा मूळ थर निराळा असल्याचे मत रूढ झाले.

कोरकूचे व्हिएतनामीशी असलेले नाते दूरचे आहे व ते उसनवारीचे नाही. शरीरावयव, आप्त आणि संख्या यांच्या नावांत ते विशेष स्पष्ट होते. कोरकूत डोळ्यास ‘मेद’, नाकास ‘मू’, हातास ‘ती’ म्हणतात. व्हिएतनामीत अनुक्रमे ‘मात’, ‘मुई’, ‘ताय’ असे शब्द आहेत. तीन व चार या संख्यांसाठी कोरकूत ‘आफई’ व ‘उफुन’, तर व्हिएतनामीत ‘बा’ व ‘बोन’. वाघाला कोरकू ‘कुला’ म्हणतात व ख्मेर ‘ख्ला’. नुसत्या ध्वनिसादृश्यावर असे नाते ठरत नसते. ध्वनिबदलांची नियमितता पाहावी लागते आणि तेथे कोरकूचे महत्त्व मोठे आहे. संथाळी, मुंडारी, हो या तिच्या जवळच्या भगिनीभाषांत मूळ ‘क’चा पुष्कळ ठिकाणी ‘ह’ झाला. कोरकूने तो ‘क’ राखला. मासा संथाळीत ‘हाकू’ आहे, कोरकूत ‘काकू’ आणि व्हिएतनामीत ‘का’. मुलाला मुंडारीत ‘होन’, कोरकूत ‘कोन’ आणि व्हिएतनामीत ‘कॉन’ म्हणतात. म्हणजे कुलाच्या मायभूमीपासून सर्वांत दूर गेलेल्या या भाषेत जुना ध्वनी टिकून राहिला आहे.

जर्मन भाषाशास्त्रज्ञ व्हिल्हेल्म श्मिट (१८६८–१९५४) यांनी १९०६ मध्ये मुंडा व मोन-ख्मेर भाषांना एकत्र आणून या कुलास ऑस्ट्रो-आशियाई हे नाव रूढ केले. त्याच वर्षी ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा मुंडा व द्राविडी भाषांचा खंड स्टेन कोनो यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. त्यात कोरकूचीही नोंद आहे. व्हिएतनामीचे स्थान मात्र दीर्घकाळ वादग्रस्त होते. ती स्वरोच्चाराच्या चढउतारांनी अर्थभेद करणारी, म्हणजे तानयुक्त भाषा असल्याने फ्रेंच पंडित आंरी मास्पेरो (१८८३–१९४५) यांनी १९१२ मध्ये तिला थाई भाषांच्या गटात घातले. आंद्रे ओद्रिकूर (१९११–९६) यांनी १९५३–५४ मध्ये असे दाखवून दिले, की हे तान शब्दान्तीची व्यंजने लोपल्याने व आद्य व्यंजनांचा भेद मिटल्याने नंतर उद्‌भवले आहेत. मूळ भाषा तानरहित होती. कोरकूतही नॉर्मन झाइड यांनी एक निम्न तान नोंदविला आहे. तो व्हिएतनामीशी असलेल्या नात्याचा पुरावा मानता येत नाही. दोन्ही ठिकाणी तान स्वतंत्रपणे निर्माण झाले आहेत.

भाषेचे नाते सिद्ध झाले, तरी ती बोलणारे लोक केव्हा व कोणत्या वाटेने आले, हे पुरातत्त्वास ठरवावे लागते. उत्तर व्हिएतनाममधील तांबड्या नदीच्या खोऱ्यात इ. स. पू. सु. २००० पासून भातशेती करणारी फुंग-ङ्‌युएन संस्कृती नांदत होती. त्याच काळातील मान बाक (निन्ह बिन्ह प्रांत) येथील दफनांतील सांगाड्यांच्या जनुकीय परीक्षणाचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या लोकांचे साम्य आजच्या ऑस्ट्रो-आशियाई भाषकांशी अधिक असल्याचे दिसून आले. भारतातील मुंडाभाषकांत पितृवंशाची आग्नेय आशियाई खूण मोठ्या प्रमाणावर आढळते, मातृवंश मात्र जवळजवळ सर्वस्वी भारतीय आहे. आलेल्या गटांत पुरुषांचे प्रमाण अधिक होते व त्यांनी स्थानिक स्त्रियांशी विवाह केले, असा त्याचा अर्थ लावला जातो. पॉल सिडवेल व फेलिक्स राऊ यांच्या मते हे लोक समुद्रमार्गे महानदीच्या मुखाशी उतरले असावेत. हे मत आकर्षक असले, तरी सर्वमान्य झालेले नाही. व्हिएतनामची विख्यात दोंगसोन संस्कृती व तिचे काशाचे नगारे हे इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील, म्हणजे या स्थलांतराच्या बरेच नंतरचे आहेत. कोरकूंच्या वारशात त्यांचा शोध घेणे व्यर्थ होय.

विदर्भातील महापाषाणीय शिलावर्तुळांचा संबंधही कधीकधी मुंडाभाषकांशी जोडला जातो. नागपूर जिल्ह्यातील माहूरझरी येथे घोड्यांचे सांगाडे व त्यांचे तांब्याचे अलंकार, तर नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उत्खननांत मिळाली. हे अवशेष इ. स. पू. पहिल्या सहस्रकातील आहेत. त्यांवर एकही लेख नाही; सबब ते लोक कोणती भाषा बोलत होते, हे त्यांवरून सांगता येत नाही.

चालीरीतींच्या बाबतीत अशीच सावधगिरी आवश्यक आहे. कोरकू मृतांना पुरतात व पुढे सवडीने सिडोली हा विधी करून ‘मुंडा’ नावाची सागवानी फळी उभारतात (या शब्दाची मुंडा भाषागटाच्या नावाशी गल्लत करू नये). फळीवर चंद्र, सूर्य, घोडेस्वार व नाचणाऱ्या आकृती कोरलेल्या असतात. व्हिएतनामच्या मध्य पठारावरील बाहनार व जराई लोकही थडग्यावर लाकडी घर व कोरीव आकृती उभारतात आणि नंतर विधिपूर्वक त्या थडग्याचा त्याग करतात. साम्य लक्षवेधक आहे. परंतु बाहनार हे ऑस्ट्रो-आशियाई, तर जराई हे प्राचीन चंपा राज्याच्या चाम लोकांशी भाषेने निगडित असलेले ऑस्ट्रोनेशियन आहेत. प्रथा भाषेची सीमा ओलांडते, हे येथेच दिसते. कोरकूंच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेतही पूर्वेकडील प्रवासाचा उल्लेख नाही. रावणाच्या विनंतीवरून महादेवाने सातपुड्यात वारुळाची तांबडी माती कावळ्याकडून शोधून आणविली व तिच्यापासून मुला व मुलई हे पहिले जोडपे घडविले, असे ती कथा सांगते.

कोरकूला स्वतंत्र लिपी नाही. ती देवनागरीत लिहिली जाते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. मेळघाटातील मुले मराठीतून, तर सीमेपलीकडील मुले हिंदीतून शिकतात. त्यामुळे एकाच भाषेत दोन दिशांनी शब्द शिरत आहेत. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आल्यानंतर कालांतराने काही गावांचे पुनर्वसन सपाटीवरील मराठी मुलखात झाले. बाजारहाटातील व्यवहारांत कोरकू संख्यांची जागा मराठी व हिंदी संख्यांनी बव्हंशी घेतली असून ‘आफई’, ‘उफुन’ हे शब्द प्रामुख्याने घरगुती बोलण्यात उरले आहेत.