ब्रह्मपुत्रेत बुडालेली उडती नाव

जखमी सैनिकास रणभूमीवरून विमानाने रुग्णालयापर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था दुसऱ्या महायुद्धात प्रथमच मोठ्या प्रमाणावर अमलात आली, आणि आसाम-ब्रह्मदेश सीमेवर तिची जेवढी निकड भासली तेवढी फार थोड्या आघाड्यांवर भासली असेल. डोंगर, दाट जंगल आणि चार महिने कोसळणारा पाऊस अशा या मुलखात रस्ते जवळपास नव्हतेच. एक स्ट्रेचर वाहून न्यायचे तर निदान चार धडधाकट माणसे लागत, चढणीवर त्यांना वरचेवर बदली द्यावी लागे, आणि तेवढीच माणसे लढणाऱ्या तुकडीतून कमी होत. त्यात रोगराईची भर पडे. चौदाव्या सेनेचे सेनापती विल्यम स्लिम यांनी नोंदविल्याप्रमाणे १९४३ मध्ये या आघाडीवरून जखमांमुळे मागे न्यावे लागलेल्या प्रत्येक सैनिकामागे मलेरिया, आमांश यांसारख्या रोगांनी आजारी पडलेले सुमारे १२० सैनिक मागे न्यावे लागत होते.

या दूरच्या आघाडीशी बीड जिल्ह्याचा संबंध निजामाच्या राज्यामुळे जुळतो. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते, आणि आजचे अंबाजोगाई तेव्हा मोमिनाबाद या नावाने ओळखले जात होते; हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे संस्थानाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ठेवलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी तेथे पूर्वी होती. ब्रिटिश हवाई दलाच्या ज्या तुकड्यांना निजामाच्या देणग्यांमुळे ‘हैदराबाद’ हे नाव मिळाले होते, त्यांपैकी ११० आणि १५२ क्रमांकांच्या तुकड्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढल्या. १५२ क्रमांकाच्या तुकडीच्या बोधचिन्हावर तर निजामाचे शिरोभूषणच कोरलेले होते. ज्या राज्याचा खजिना मराठवाड्याच्या रयतेने भरलेल्या साऱ्यावर चालत होता, त्याच्या वैभवाची ही खूण आसामच्या आकाशात फिरत होती, ही गोष्ट मराठवाड्याच्या इतिहासात सहसा सांगितली जात नाही.

विमान पोहोचू शकले नाही तर जखमींचे काय होते, हे मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे दिसून आले. इंफाळच्या ईशान्येस असलेल्या या नागा गावाच्या टेकडीवर ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या मदतीस आलेली पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंटची चौथी पलटण यांनी जपानी फौजेला काही दिवस रोखून धरले. टेकडीवर पाण्याचा तुटवडा होता, जमीन खडकाळ असल्याने पुरेसे खोल खंदक खणता येत नव्हते, आणि विमानांतून टाकलेल्या रसदीचा मोठा भाग शत्रूच्या हाती पडत होता. विमान उतरविण्याजोगी सपाट जागा तेथे नव्हती. त्यामुळे जखमी तेथेच साचत गेले, आणि २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम आला तेव्हा ज्यांना हलविणे अशक्य होते अशांना मागे ठेवूनच उरलेल्यांना जंगलात उतरावे लागले. मराठा पलटणीच्या या झुंजीने इंफाळच्या बचावासाठी मोलाचे दिवस मिळवून दिले. त्या दिवसांची किंमत या मागे राहिलेल्यांनीही मोजली.

याच महिन्यात ब्रिटिश सेनानी ऑर्ड विंगेट यांच्या ‘चिंडिट’ दलाच्या तुकड्या ग्लायडरने, म्हणजे इंजिन नसलेल्या आणि दुसऱ्या विमानाने ओढत नेलेल्या विमानांनी, जपानी फौजेच्या पिछाडीस उतरल्या. त्यांच्या जखमींसाठी अमेरिकन एअर कमांडो तुकडीची एल-१ आणि एल-५ ही हलकी विमाने होती, जी भाताच्या खाचरालगतच्या आखूड पट्टीवरूनही उडू शकत. एप्रिलमध्ये अशा एका पडलेल्या विमानाचा वैमानिक आणि त्याच्यासोबतचे जखमी कार्टर हार्मन या अमेरिकन अधिकाऱ्याने सिकोर्स्की हेलिकॉप्टरने बाहेर काढले, आणि युद्धात हेलिकॉप्टरने केलेल्या सुटकेची ही पहिली नोंद मानली जाते. पावसाळा सुरू होताच हे सारे बंद पडले, कारण धावपट्ट्यांचा चिखल झाला. २५ मे रोजी चिंडिट दलाच्या १११ व्या ब्रिगेडला ‘ब्लॅकपूल’ हे ठाणे सोडावे लागले, तेव्हा जगण्याची आशा नसलेल्या आणि उचलून नेणेही शक्य नसलेल्या १९ जखमींना आपल्याच माणसांनी गोळी घालून सोडविले. ब्रिगेडचे प्रमुख जॉन मास्टर्स यांनी पुढे आपल्या आत्मकथनात हा निर्णय स्वतःचा म्हणून लिहून ठेवला. शेकडो जखमी आणि तापाने फणफणलेले सैनिक घेऊन ही फौज डोंगर ओलांडून इंडॉजी सरोवराच्या काठी आली.

उत्तर ब्रह्मदेशातील कचिन प्रदेशातले हे सरोवर सुमारे २४ किलोमीटर लांब असून त्या देशातील सर्वांत मोठे आहे. पावसाळ्यात आसपास टिकून राहणारा सपाट पृष्ठभाग फक्त त्याच्या पाण्याचा होता, आणि त्यावर उतरू शकणारे विमान म्हणजे उडती नाव, ज्याचे धडच होडीसारखे असते आणि जे पाण्यावरूनच उड्डाण करते. श्रीलंकेच्या दक्षिण टोकावरील कोग्गला येथे असलेल्या २३० क्रमांकाच्या तुकडीकडे अशी संडरलँड विमाने होती. चार इंजिने, सुमारे ३४ मीटरचा पंखविस्तार, दोन मजली पोट, आत झोपण्याची फळकुटे आणि छोटे स्वयंपाकघर अशी ही विमाने मुळात समुद्रावर तासन्‌तास गस्त घालून पाणबुड्या शोधण्यासाठी बांधलेली होती, आणि १९४१ मध्ये ग्रीसमधून माघार घेताना त्यांनी माणसे बाहेर काढण्याचेही काम केले होते. त्यांपैकी दोन विमाने आसामात दिब्रुगड येथे ब्रह्मपुत्रेच्या पात्रात आणून ठेवण्यात आली. नभोवाणीवर गाजलेल्या एल्सी आणि डोरिस वॉटर्स या बहिणींच्या विनोदी पात्रांवरून सैनिकांनी त्यांची नावे ‘गर्ट’ आणि ‘डेझी’ अशी ठेवली.

समुद्रसपाटीवर उडण्यासाठी बांधलेल्या या जड विमानांना पावसाळी ढगांत दडलेल्या डोंगररांगा ओलांडून सरोवर गाठावे लागे. ती काठापासून दूर, खोल पाण्यात थांबत, आणि जखमींना लहान नावांतून त्यांच्याजवळ नेऊन कुशीतील दारातून आत घेतले जाई. एका खेपेस चाळीसच्या आसपास माणसे जात. एल-५ सारखे हलके विमान एका वेळी एखाद्याच रुग्णास नेऊ शकत असल्याने त्या मानाने ही क्षमता प्रचंड होती. जूनच्या आरंभापासून जुलैच्या आरंभापर्यंत, सुमारे महिनाभरात, या दोन विमानांनी पाचशेहून अधिक रुग्ण आणि जखमी बाहेर काढले. आठवडाभर स्ट्रेचरवर काढूनही जो माणूस रुग्णालय गाठू शकला नसता, तो सरोवरावरून निघून त्याच दिवशी आसामात पोहोचत होता.

या दोहोंपैकी एका विमानाचा अंत शत्रूच्या गोळीने झाला नाही. पावसाळ्यातील ब्रह्मपुत्रा म्हणजे उन्मळून आलेले वृक्ष आणि ओंडके वाहून आणणारा लोंढा. शिवाय उडत्या नावेला विमानघर नसते, ती उघड्या पाण्यावर दोराने बांधूनच ठेवावी लागते. जुलै १९४४ च्या आरंभी झालेल्या वादळात त्यांपैकी एक दिब्रुगड येथे बांधल्या जागीच बुडाली. सेवाही त्याच सुमारास थांबली, आणि एका विमानाच्या नाशाचा अर्थ दर खेपेमागे चाळीस माणसांची वाट बंद होणे असा होता. समुद्रासाठी घडविलेले यंत्र महापूर आलेल्या नदीत ठेवण्याचा धोका पत्करल्याबद्दल तेथील अधिकाऱ्यांना दोष देता येणार नाही, कारण दुसरा मार्ग त्यांच्यापुढे नव्हता.

या विमानांना कायद्याचे कवचही फारसे लाभण्याजोगे नव्हते. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार केवळ रुग्णसेवेसाठी राखलेल्या, पांढरा रंग दिलेल्या आणि रेडक्रॉसचे चिन्ह ठळकपणे मिरविणाऱ्या विमानासच संरक्षण होते, आणि शत्रूच्या ताब्यातील प्रदेशावरून त्यालाही परवानगीवाचून उडता येत नव्हते. ब्रह्मदेशच्या आघाडीवर मात्र जाताना दारूगोळा आणि धान्य नेणारे विमानच परतताना जखमी आणत असे. इंफाळच्या वेढ्यात डाकोटासारख्या वाहतूक विमानांनी याच रीतीने सुमारे १३,००० जखमी व आजारी सैनिक आणि ४३,००० बिगर-लढाऊ माणसे बाहेर नेली. मृत्यूचे प्रमाण घटण्याची जी कारणे स्लिम यांनी दिली, त्यांत नव्या औषधोपचारांबरोबर विमानाने जखमी हलविण्याचाही उल्लेख आहे, आणि तो योग्यच आहे.

या आघाडीची इंग्रजीतील साधने विपुल आहेत. परंतु त्यांत अधिकाऱ्यांची नावे सापडतात, विमानात घातलेल्या मराठी शिपायाचे नाव बहुधा सापडत नाही. ते असलेच तर महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील घरांत, ब्रह्मदेशच्या लढाईच्या ‘बर्मा स्टार’ पदकासोबत ठेवलेल्या सेवापुस्तिकेत असेल. ज्या कुटुंबांकडे असे कागद आहेत त्यांनी ते कसर लागण्यापूर्वी नीट वाचावेत, त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि गावातील जाणत्या माणसांना त्या आजोबांविषयी जे आठवते ते आताच लिहून घ्यावे.