कास्तकाराला हिशेब कळत नाही?

दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनचे भाव पडलेले असतात आणि नेमकी तेव्हाच वाशिम जिल्ह्यातल्या अनसिंग परिसरातली वाहनं माल भरून बाजाराकडे निघतात. ते पाहून शहाणी माणसं म्हणतात, ‘थोडं थांबले असते तर चार पैसे जास्त मिळाले असते. पण कास्तकाराला हिशेब कुठे कळतो?’

हे तपासायला लांब जायला नको. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ पासून कोरडवाहू भागातल्या सहा गावांत घरोघरचा जमाखर्च टिपायला सुरुवात केली. त्यांतली कंझरा आणि किनखेडा ही दोन गावं अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातली. वाशिम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी. तोवर अनसिंगही अकोला जिल्ह्यातच होतं. पुढे संस्थेने अशाच नोंदी पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोतही घेतल्या. वऱ्हाडातलं घर आणि आफ्रिकेतलं घर शेजारी ठेवून पाहता येतं ते त्यामुळे.

आता तो थांबण्याचा हिशेब. समजा, भाव क्विंटलला ४,२०० रुपये आहे आणि डोक्यावर शेकडा तीन रुपये महिन्याची उधारी. सहा महिने माल घरात ठेवला तर क्विंटलमागे ७५६ रुपये व्याजातच गेले. शिवाय माल सुकून वजन घटतं ते वेगळं. म्हणजे भाव पाच हजारांच्या वर चढला तरच थांबणं परवडलं. तो चढेल याची हमी कोण देणार? ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं होतं. नवा माल आला आणि ते झपाट्याने उतरलं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, तरी खुल्या बाजारात अनेकांना त्याहून बरंच कमी मिळालं. हमीभावाच्या खरेदीतली ओलाव्याची १२ टक्क्यांची अट १५ वर नेण्याचा निर्णय केंद्राने घेतला तो नोव्हेंबरच्या मध्यावर. मळणीची मजुरी आणि हरभऱ्याची पेरणी तोवर थोडीच थांबते!

हाच हिशेब शेतमाल तारण योजनेत मांडून पाहा. राज्य कृषी पणन मंडळाची ही योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवलं की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी, वर्षाला सहा टक्के व्याजाने मिळते. ४,२०० च्या मालावर ३,१५० रुपये हाती येतात आणि सहा महिन्यांचं व्याज होतं जेमतेम ९५ रुपये. तेवढ्याच रकमेवर उधारीचं व्याज ५६७ रुपये झालं असतं. कुठे ५६७ आणि कुठे ९५! माणूस तोच, माल तोच. फक्त पैसा कोणत्या दाराने आला एवढाच फरक. गोदामात जागा नसेल किंवा समिती योजना राबवत नसेल, तर लगेच विकणं हाच हुशारीचा सौदा ठरतो. थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ मध्ये पारंपरिक शेतकऱ्याला ‘गरीब पण कार्यक्षम’ म्हटलं, तेव्हा त्यांच्यासमोर उत्तर प्रदेशातल्या सेनापूर गावाचेही आकडे होते. १९७९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

‘गरीब माणूस जोखीम घेत नाही, म्हणून गरीब राहतो’ हाही असाच एक समज. अर्थतज्ज्ञ हान्स बिन्सवँगर यांनी इक्रिसॅटच्या गावांत खऱ्या पैशांचे खेळ लावले, अगदी पन्नास पैशांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९८० मध्ये निष्कर्ष छापून आला : रक्कम मोठी झाली की बहुतेक सगळेच सावध होतात, आणि या सावधपणात श्रीमंत-गरीब असा फारसा फरक दिसत नाही. फरक होता तो कर्ज आणि साधनं कोणाला मिळतात यात. सोयाबीनच्या तासांमध्ये तुरीची ओळ टाकणारा कास्तकार जोखमीला घाबरत नाही, ती वाटून टाकतो. लेक लांबच्या गावी देण्यातही हेच गणित असावं, असं रोझेनझ्वाइग आणि स्टार्क या अर्थतज्ज्ञांनी १९८९ मध्ये याच गावांच्या नोंदींवरून मांडलं : दोन्ही गावांत पाऊस एकाच वेळी दगा देत नाही. सोयरिकीमागे एवढंच असतं असं मला वाटत नाही, पण त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

इथवर कास्तकाराची बाजू घेतली. पण ‘घराचा निर्णय’ म्हणताना आपण सगळेच एक गोष्ट गृहीत धरतो : घर एका विचाराने चालतं. बुर्किना फासोत नवऱ्याची आणि बायकोची शेतं वेगळी असतात. अर्थतज्ज्ञ ख्रिस्तोफर उड्री यांनी इक्रिसॅटच्या तिथल्या नोंदींवरून १९९६ मध्ये दाखवलं की एकाच घरात, एकाच वर्षी, एकाच पिकाचं उत्पादन बायकांच्या शेतात सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतं. जमीन वाईट नव्हती. शेणखत जवळजवळ सगळं पुरुषांच्या शेतात पडत होतं. तेच थोडं इकडे टाकलं असतं तर घराचंच एकूण पीक वाढलं असतं. आपल्याकडे तर शेत वेगळं असण्याचाही प्रश्न सहसा येत नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातले जेमतेम १४ टक्के वहितीदार स्त्रिया होत्या. निंदण-खुरपण तिचं, आणि चुकारा आल्यावर तो कशात घालायचा हे ठरवताना तिला विचारलं तर विचारलं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तीत बायकोच्या नावे जमीन करण्याचा आग्रह होता. त्या हाकेकडे मी न्यायाइतकंच अर्थशास्त्र म्हणूनही पाहतो.

माहिती असूनही वेळेवर पैसा हातून निसटतो, ही आणखी वेगळी गोष्ट. पश्चिम केनियातल्या शेतकऱ्यांना खताचा फायदा ठाऊक होता. पेरणीपर्यंत पैसाच उरत नव्हता. सुगीनंतर लगेच, मोजक्या दिवसांसाठी, खत घरपोच देण्याची सवलत ठेवली तेव्हा खताचा वापर वाढला, असं दुफ्लो, क्रेमर आणि रॉबिन्सन या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये मांडलं. आपल्याकडेही दिवाळीचा चुकारा आणि जूनची पेरणी यांत सात महिन्यांचं अंतर आहे. म्हणून यंदा मळणी झाली की घरचं चांगलं सोयाबीन बियाण्यासाठी आधीच बाजूला काढा. हे सरळ वाणाचं पीक आहे, घरचं बी चालतं. पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा, सत्तर तरी उगवले पाहिजेत. आणि माल वाहनात भरण्यापूर्वी बाजार समितीत तारण योजना सुरू आहे का, ते विचारून घ्या. विचारायला जाताना घरातल्या बाईलाही सोबत न्या.