किहान्सीनंतरची पंचवीस वर्षं

टांझानियातल्या उझुंग्वा डोंगरांमधल्या किहान्सी घळीतून २००० सालच्या अखेरीस ४९९ इवलेसे भेक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने अमेरिकेत नेले, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. बेडूक कैदेत निरोगी कसा ठेवावा याची आजची बरीचशी समज त्या भेकांच्या आणि तशाच काही काचपेट्यांमधून आली. ती मिळवताना मेलेल्या बेडकांची गणती मोठी आहे. म्हणूनच शिंगाळ्या बेडकाला उंदराची पिल्लं भरवणारी रील पाहिली की चीड येते. हौसेच्या बाजाराने त्या अनुभवातून नेमकी दिखाऊ गोष्ट उचलली आणि कामाची तिथेच टाकली.

त्याआधीचा इतिहास भरभर सांगून टाकण्याजोगा. १९३०च्या सुमारास लान्सलॉट हॉगबेनने केपटाऊनमध्ये नखधारी बेडकावरून गर्भधारणेची चाचणी बसवली आणि पुढची तीसेक वर्षं हे बेडूक जगभरच्या प्रयोगशाळांच्या टाक्यांत राहिले. त्यांच्या काटकपणामुळे ‘बेडकाला काय लागतं, पाणी आणि किडे’ हा समज रुजला. नंतर काचपेटीत शेवाळ आणि रातकिडे हा हौशी मंडळींचा धोपटमार्ग झाला. बेडूक मेला की दुसरा आणायचा.

किहान्सीने हा समज मोडला. १९९६ साली सापडलेला हा भेक जेमतेम नखाएवढा. अंडी न घालता थेट पिल्लं देणारा, आणि धबधब्याच्या तुषारांतच जगणारा. वीजप्रकल्पासाठी बहुतेक पाणी वळवलं गेलं, तुषार आटले, म्हणून ही उचलाउचल. पण अमेरिकेतल्या संग्रहालयांत भेक पटापट मरू लागले आणि २००४च्या सुमारास सत्तरहूनही कमी उरले. इथे एक रास्त आक्षेप येतो: त्यांना फुप्फुसातल्या जंतांनी आणि बुरशीने मारलं, मग घराचा आणि आहाराचा काय संबंध? संबंध असा, की घळीत वाहतं पाणी विष्ठा धुऊन नेतं आणि पेटीत तोच ओला थर पायाखाली राहतो. जंतांच्या अळ्या त्या थरातून कातडीवाटे पुन्हा शरीरात शिरतात. बेडूक पाणीसुद्धा तोंडाने पीत नाही, पोटाखालच्या पातळ कातडीतून शोषतो. त्यामुळे थरात साचलेला अमोनिया आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन यांचा मारा थेट त्याच्या कातडीवर होतो.

आहाराचा धडा दुसऱ्या एका भेकाने दिला, अमेरिकेतल्या वायोमिंगच्या. कैदेतले हे भेक भुकेले असायचे, समोरचा रातकिडा अचूक हेरायचे, झेपावायचे, जीभ त्याच्यावर आदळायची, आणि किडा तसाच चालू लागायचा. जिभेवरचा चिकट स्राव करणाऱ्या पेशींची जागा कोरड्या, कठीण पेशींनी घेतली होती. कारण ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव. रातकिड्यात ते नगण्य असतं. कॅल्शियमही फॉस्फरसच्या मानाने फारच कमी, म्हणजे हवं त्याच्या उलटं प्रमाण. त्यात अतिनील-ब किरण नसतील तर ‘ड’ जीवनसत्त्व अपुरं पडून कॅल्शियम अंगी लागत नाही. जबडा रबरासारखा लिबलिबीत होतो, पाठीचा कणा वाकतो. खिडकीतलं ऊन यावर चालत नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. टोलेडो आणि ब्राँक्स प्राणिसंग्रहालयांतल्या प्राणिपालकांनी किहान्सीच्या भेकांसाठी तुषार, दिवे, जीवनसत्त्वांची पूड आणि पाच मिलिमीटरच्या पिल्लांना पेलतील असे बारीक किडे हे सगळं चिकाटीने जुळवलं. २००९मध्ये ही जात निसर्गातून नामशेष जाहीर झाली, पण २०१०मध्ये शंभर भेक दार-ए-सलामला परतले आणि २०१२मध्ये कैदेत वाढलेले भेक पुन्हा घळीत सोडले गेले.

त्यातून बाजाराने घेतलं काय, तर तुषार सोडणारं यंत्र, रंगीत दिवे, काचेवर चढवलेल्या वेली. पेटी जंगलासारखी दिसू लागली, तरी कॅल्शियमची पूड आणि रोजची सफाई यांचं रील होत नाही. हल्ली तर दोष टोकाचा उलटा झालाय. ऑस्ट्रेलियन हिरव्या बेडकांना इतकं खाऊ घालतात की डोळ्यांवरच्या चरबीच्या वळ्या लोंबून दृष्टीच झाकतात, आणि विक्रेता त्यालाच ‘गोंडस’ म्हणतो. कुणी म्हणेल, हौसेने पाळणाऱ्याकडून संग्रहालयाची अपेक्षा कशाला, एवढा खर्च परवडायचा कुणाला? हिशेब मात्र वेगळाच आहे. पूड आणि पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध मिळून सजावटीच्या एका लाकडाएवढेही पैसे लागत नाहीत. महाग आहे तो अतिनील दिवा, आणि प्रखर दिवा निशाचर जातींना आंधळेपणाने लावून चालतही नाही. प्रत्येक जातीची ऊब, ओल आणि उजेड निराळा, हे विक्रेत्याला ठाऊक नसतं किंवा सांगायचं नसतं.

मग पाळूच नयेत, हा निसर्गप्रेमींचा आक्षेप उरतो. रानातून पकडलेल्या बेडकांपुरता तो मला पूर्ण मान्य आहे. पण सरसकट मान्य केला, तर किहान्सीचा भेक वाचवणारं कौशल्यच आपण नाकारतो, कारण ते पाळता-पाळताच आलं. तेव्हा वाद पाळण्याशी नसून विकण्याशी आहे. मुठीएवढ्या काचेच्या भांड्यात नखधारी बेडकाचं पांढरं पिल्लू ठेवून ‘काही लागत नाही, महिन्यातून पाणी बदला’ असं सांगणारं कुठलंही दुकान १९३०च्या समजावरच उभं आहे. हे पिल्लू नीट वाढलं तर तळव्याएवढं होतं आणि पंधरा वर्षंही जगतं, हे गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.